अशनीतली खनिजं काय सांगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री, शाळांतल्या व्याख्यानांनंतर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीतही विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भूशास्त्राच्या बाजूने दिली आहेत. दगड हातात आला की दुर्बीण बाजूला ठेवायची आणि सूक्ष्मदर्शक काढायचा, इतकाच त्याचा अर्थ.

उल्का आणि अशनी यांत फरक काय?

आकाशात दिसते ती प्रकाशाची रेघ म्हणजे उल्का. त्यातून वाचून जमिनीवर पोचलेला दगड म्हणजे अशनी. बहुतेक उल्का वाळूच्या कणाएवढ्या असतात आणि वरच जळून जातात.

नुसत्या दगडावरून तो कुठल्या ग्रहावरचा हे कसं कळतं?

रव्याचा लाडू दगडासारखा झाला असेल तर पाक पुढे गेला होता, हे चुलीजवळ न जाताही सांगता येतं. खनिजांचंही तसंच आहे. प्रत्येक खनिज ठरावीक तापमानाला, ठरावीक दाबाखाली आणि भोवती ऑक्सिजन किती आहे त्यानुसार तयार होतं. थंड व्हायला किती वेळ मिळाला, पाणी होतं का, नंतर दणका बसला का, याच्याही खुणा स्फटिकात राहतात. म्हणून खनिजं ओळखता आली की मूळ जागेची परिस्थिती मागे जाऊन मांडता येते. मग विचारायचं: सूर्यमालेत अशी परिस्थिती कुठे होती?

हे उत्तर पहिल्या फटक्यात क्वचितच मिळतं. एक खनिज दोन-चार जागा सुचवतं, दुसरं त्यांतल्या दोन खोडतं, आणि शेवटी ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या ऑक्सिजन-अणूंचं, प्रमाण शिक्कामोर्तब करतं. ऑक्सिजनचे तीन स्थिर प्रकार आहेत आणि त्यांचं आपसातलं प्रमाण मूळ पिंडागणिक, म्हणजे दगड ज्या ग्रहाचा वा लघुग्रहाचा तुकडा आहे त्यागणिक, वेगळं भरतं. रॉबर्ट क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये हे दाखवलं, आणि तेव्हापासून अशनींची घराणी लावणं सोपं झालं.

अशनीत पृथ्वीवर नसलेली खनिजं असतात का?

काही असतात, पण मुख्य मंडळी ओळखीचीच आहेत. ऑलिव्हिन, पायरॉक्झिन आणि प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार हे तिन्ही दगडी अशनींत भरपूर सापडतात, आणि सह्याद्रीच्या बेसाल्टमध्येही भेटतात. वेगळेपणा आहे तो लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूंत, म्हणजे कामासाइट व टेनाइटमध्ये, आणि ट्रॉयलाइट नावाच्या लोहाच्या सल्फाइडमध्ये. पृथ्वीवर उघड्यावर असं शुद्ध धातुरूप लोखंड जवळजवळ मिळत नाही.

‘एल६’, ‘एच५’ असं लिहिलेलं असतं, ते काय?

पडणाऱ्या अशनींतले बहुतेक ‘कॉन्ड्राइट’ असतात. त्यांत कॉन्ड्रूल नावाचे, साधारण मोहरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान गोळे दिसतात. सूर्यमाला घडत असताना अवकाशात तरंगणारे वितळलेले थेंब थिजले, तेच हे.

अक्षर लोखंडाचं प्रमाण सांगतं. एच म्हणजे जास्त, एल म्हणजे कमी, एलएल म्हणजे आणखी कमी. गंमत अशी की एकूण लोखंड कमी झालं की उरलेल्यातलं जास्त लोखंड धातूत न राहता ऑलिव्हिनमध्ये शिरलेलं दिसतं. त्यामुळे ऑलिव्हिनमधला लोहयुक्त भाग मोजला की गट कळतो: एच गटात साधारण १६ ते २० टक्के, एल गटात २३ ते २६, एलएलमध्ये त्याहून वर.

आकडा त्या दगडाचा पुढचा प्रवास सांगतो. १ आणि २ म्हणजे पाण्याने बदललेले, ३ म्हणजे फारसे न बदललेले, ४ ते ६ म्हणजे मूळ पिंडाच्या आत चढत्या क्रमाने भाजून निघालेले. सहाव्या प्रकारात गोळ्यांच्या कडा पुसट होतात, कारण तो दगड साधारण ८०० ते ९५० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ राहिलेला असतो. गुजरातेत १९७६ साली पडलेला धजाला अशनी एच३ प्रकारातला आहे, त्याचे गोळे सुटे दिसतात. काटोलचा दगड एल६.

काटोलच्या अशनीचं एवढं कौतुक का?

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या परिसरात दगडांचा पाऊस पडला. एल६ कॉन्ड्राइट हा काही दुर्मीळ प्रकार नाही, आणि पहिली ओळख पटली तेव्हा अनेकांनी तो तेवढ्यावरच सोडला असता. पण या दगडातून काळ्या, बारीक शिरा गेलेल्या आहेत. अवकाशात कधीतरी मोठी टक्कर झाली, त्या क्षणी दगड काही रेषांवर वितळला आणि लगेच थिजला, त्या या शिरा. खरा माल त्यांतच निघाला.

आयआयटी खरगपूरच्या सुजॉय घोष यांच्या चमूने त्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट शोधलं. हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. ब्रिजमनाइट हे पृथ्वीतलं सर्वांत मुबलक खनिज आहे, ग्रहाच्या एकूण आकारमानाच्या सुमारे ३८ टक्के. तरीही ते पृथ्वीवरून कुणाच्या हाती लागलं नव्हतं. ते राहतं ६६० किलोमीटरच्या खाली, खालच्या प्रावरणात (वरचं कवच आणि गाभा यांमधल्या जाड थराच्या खालच्या भागात), आणि वर यायला लागलं की दाब कमी होताच मोडून दुसरी खनिजं बनतं. नैसर्गिक नमुना हाती असल्याशिवाय आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटना नाव देत नाही. त्यामुळे ग्रहाचा सर्वांत मोठा घटक २०१४ पर्यंत अधिकृत नावाविना होता. नाव मिळालं तेही ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीमुळे, आणि दिलं गेलं ते उच्च दाबाच्या प्रयोगांचे जनक पर्सी ब्रिजमन यांच्यावरून.

काटोलमधल्या ब्रिजमनाइटचं महत्त्व असं की त्याच्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम आहे, आणि त्याची घडण पृथ्वीच्या खालच्या प्रावरणात जी अपेक्षित आहे तिच्या खूप जवळ जाते. ते २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली, वितळलेल्या द्रवातून स्फटिक होऊन आलं. सोप्या हिशेबात वातावरणाच्या दाबाच्या दोन लाख तीस हजार ते अडीच लाख पट. पृथ्वीच्या सुरुवातीच्या काळात सगळीकडे लाव्ह्याचा समुद्र होता असं मानलं जातं, आणि तो तळाशी थिजताना काय झालं असेल याचा खराखुरा नमुना काटोलच्या एका केसाएवढ्या शिरेत मिळतो.

म्हणजे काटोलचा दगड एखाद्या मोठ्या ग्रहाच्या पोटातून आला?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सर्वांत मोठ्या सीरिसच्या अगदी केंद्रातसुद्धा या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याइतका दाब नसतो. एल गटाचा मूळ पिंड सीरिसहूनही लहान होता. तेव्हा इतका दाब वजनामुळे आलेला असूच शकत नाही. तो आदळण्यामुळे आला. त्याला दुसराही पुरावा आहे. दाब उतरल्यावर दगड तापलेला राहिला असता तर ब्रिजमनाइट मोडून गेलं असतं. ते टिकलं, कारण अरुंद शीर भोवतालच्या थंड दगडाने पटकन गार केली. दाब वाढणं, वितळणं, थिजणं, सगळा खेळ डोळ्यांचं पातं लवतं तेवढ्याच काळातला.

ती टक्कर कधी झाली, हे सांगता येतं?

एकट्या काटोलबद्दल बोलण्यापेक्षा त्याच्या घराण्याबद्दल बोलू. दगडात आरगॉन वायू ठरावीक गतीने साठत जातो आणि दगड खूप तापला की निसटून जातो, म्हणून त्याचा घड्याळासारखा उपयोग होतो. एल गटातल्या पुष्कळ दगडांतली ही घड्याळं सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी शून्यावर आली आहेत. त्या सुमारास मूळ पिंड फुटला.

याला दुजोरा मिळाला तो स्वीडनमध्ये, फरशीसाठी चुनखडक कापणाऱ्या थोर्सबर्गच्या खाणीत. त्या खडकाचं वयही तेवढंच, आणि त्यात शंभराहून अधिक जीवाश्म अशनी, म्हणजे तेव्हा समुद्रतळावर पडून खडकात गाडले गेलेले अशनी, निघाले. फरशीत काळा डाग आला की पूर्वी ती फरशी बाजूला फेकली जायची! त्या दगडांतलं ऑलिव्हिन, पायरॉक्झिन सगळं कुजून माती-कॅल्साइट झालं, फक्त क्रोमाइट हे क्रोमियम-लोखंडाचं खनिज टिकलं. बिर्गर श्मिट्झ यांच्या गटाने त्या क्रोमाइटच्या कणांवरूनच घराणं ओळखलं: एल. एक चिवट खनिज शिल्लक राहिलं म्हणून ४७ कोटी वर्षांपूर्वीची घटना दोन्हीकडून, अवकाशातून आणि समुद्रतळावरून, मोजता आली. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत देखणं काम आहे.

लोखंडी अशनीवर विणकामासारखी नक्षी असते, ती माणसाने केलेली असते का?

माणूस फक्त दगड कापतो, घासतो आणि वर सौम्य नायट्रिक आम्ल लावतो. नक्षी आतलीच असते. कामासाइट आणि टेनाइट आम्लाला वेगवेगळी दाद देतात म्हणून पट्टे उठून दिसतात. तिला विडमनस्टॅटन नक्षी म्हणतात, १८०८ साली ती पाहणाऱ्या ऑस्ट्रियन माणसावरून. विल्यम थॉमसन यांनी ती नेपल्समध्ये चार वर्षं आधी पाहिली होती, पण नाव काही त्यांना लाभलं नाही.

हे पट्टे वाढायला निकेलच्या अणूंना घन धातूतून सरकावं लागतं, आणि ते अतिशय सावकाश होतं. पट्ट्यांच्या रुंदीवरून आणि निकेलच्या वाटणीवरून थंड होण्याचा वेग काढतात. तो दर दहा लाख वर्षांना काही अंशांपासून काही हजार अंशांपर्यंत येतो. कारखान्यात ही नक्षी करता येत नाही ती त्यामुळेच. इतका संथपणा हवा तर धातूवर कित्येक किलोमीटर दगडाचं पांघरूण असायला हवं. म्हणजे हा कुठल्यातरी फुटलेल्या छोट्या पिंडाचा गाभा, किंवा गाभ्यासारखा धातूचा साठा.

मंगळावरचे दगड पृथ्वीवर आलेत हे खरं का? तिथून तर अजून कुणी काही आणलेलं नाही.

खरं आहे, आणि ती गोष्ट बिहारपासून सुरू होते. २५ ऑगस्ट १८६५ रोजी गयेजवळच्या शेरघाटीला सुमारे पाच किलोचा दगड पडला. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माक यांना त्यात एक विचित्र पदार्थ दिसला: रासायनिक घडण प्लॅजिओक्लेजची, आकार स्फटिकाचा, पण आतून चक्क काच. नेव्हिल स्टोरी-मास्केलाइन यांच्यावरून त्यांनी त्याला मास्केलिनाइट नाव दिलं. ही काच वितळून झालेली नसून प्रचंड धक्क्याने स्फटिकाची आतली रचना मोडून झालेली आहे, हे १९६३ मध्ये स्फोटाच्या प्रयोगांनी दाखवलं.

शेरघाटीसारख्या दगडांना आज शेर्गोटाइट म्हणतात. त्यांचं वय काढल्यावर लोक चक्रावले. साधारण १७ कोटी ते ६० कोटी वर्षं! लघुग्रह तर चारशे कोटी वर्षांपूर्वीच थंड पडले. इतक्या अलीकडे लाव्हा वाहायचा तर मोठा, उष्णता धरून ठेवणारा ग्रह हवा. इजिप्तच्या नखलाला १९११ मध्ये पडलेले दगड १३० कोटी वर्षांचे निघाले, तेही याच कुळातले. संशय मंगळावर होता, पुरावा नव्हता.

तो मिळाला अंटार्क्टिकाच्या बर्फातून उचललेल्या ईईटी ७९००१ या शेर्गोटाइटमध्ये. धक्क्याने झालेल्या काचेत वायूचे बुडबुडे अडकले होते. डोनाल्ड बोगार्ड आणि प्रॅट जॉन्सन यांनी १९८३ मध्ये ते मोजले, आणि आकडे १९७६ साली व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळले. धक्क्याने दगड उडाला, त्याच धक्क्याने काच झाली आणि त्याच काचेत मंगळाची हवा बंद झाली.

याचा लोणारशी काय संबंध? लोणारला अशनीचे तुकडे मिळतात का?

संबंध मास्केलिनाइटचाच. सुमारे १८०० मीटर व्यासाचं लोणारचं विवर ज्वालामुखीचं की आघाताचं, हा वाद बराच काळ चालला. १९७३ मध्ये कर्ट फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या बेसाल्टमध्ये मास्केलिनाइट दाखवलं. ज्वालामुखीला असा धक्का देणं शक्य नाही. बिहारात पडलेल्या मंगळाच्या दगडातलं खनिज बुलढाणा जिल्ह्यातल्या तळ्याचा निकाल लावायला कामी आलं.

आदळलेला पिंड मात्र जवळजवळ सगळा वितळून-वाफ होऊन गेला. लोणारला ‘अशनी’ म्हणून कुणी तुकडा विकायला आणला तर हात जोडावेत.

महाराष्ट्रात दुसऱ्या ग्रहाचा तुकडा पडला आहे का?

पूर्ण ग्रहाचा म्हणता येणार नाही, पण जवळपास. १८४३ च्या जूनमध्ये खानदेशात, एदलाबादजवळ म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, माणेगावला एक दगड पडला. तो डायोजेनाइट आहे, जवळजवळ निव्वळ पायरॉक्झिनचा. असे दगड सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या वेस्टा या लघुग्रहाचे मानले जातात.

वेस्टाचं नाव कसं पुढे आलं? १९७० मध्ये टॉम मॅकॉर्ड यांच्या गटाला दुर्बिणीतून वेस्टाच्या प्रकाशात पायरॉक्झिनची खूण दिसली, अगदी या अशनींसारखी. नंतर २०११-१२ मध्ये डॉन यानाने वेस्टाभोवती फिरून दक्षिण ध्रुवाशी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचा खड्डा पाहिला; इतका माल तिथून उडालेला आहे. वेस्टाच्या वरच्या थरातला लाव्हा म्हणजे युक्राइट, खोलवर सावकाश थिजलेला म्हणजे डायोजेनाइट आणि दोघांची खिचडी म्हणजे होवार्डाइट. राजस्थानात १९९४ साली पडलेला लोहावट त्या खिचडीतला.

पायरॉक्झिनमध्ये लोखंड आणि मँगनीजचं गुणोत्तर बघण्याची एक युक्तीही आहे. हे दोघे लाव्ह्यात सावलीसारखे बरोबर चालतात, म्हणून त्यांचं प्रमाण मूळ पिंडाचंच राहतं. वेस्टाच्या दगडांत मँगनीजच्या एका अणूमागे लोखंडाचे साधारण ३०, चंद्राच्या दगडांत ६० च्या आसपास. मंगळाचा आकडा मात्र वेस्टाच्या इतका जवळ आहे की तिथे ही युक्ती एकटी पुरत नाही.

मंगळावरच्या दगडात जीवाणू सापडले होते ना?

१९९६ मध्ये तसा दावा झाला. एएलएच ८४००१ हा चारशे कोटी वर्षांहून जुना मंगळाचा दगड. त्यातल्या कार्बोनेटच्या गोळ्यांत मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म स्फटिक मिळाले, काही जीवाणू बनवतात तसे. पण लोहाचं कार्बोनेट आघाताने तापलं तरी मॅग्नेटाइट तयार होतं, त्याला जीवाणू लागत नाहीत. बहुतेक अभ्यासकांनी दावा मानला नाही. कार्बोनेट आहे म्हणजे तिथे कधीकाळी पाणी होतं, एवढं मात्र त्या दगडाकडून घ्यावं.

पाणी खनिजात कसं दिसतं?

जयपूरजवळ ६ जून २०१७ रोजी पडलेल्या मुकुंदपुराचं उदाहरण घ्या. तो सीएम२ प्रकारचा, म्हणजे कार्बनयुक्त कॉन्ड्राइट, कोळशासारखा काळा, हाताने चुरडेल असा. त्यात सर्पेंटाइनच्या जातीची, मातीसारखी खनिजं आहेत. ऑलिव्हिनला पाणी मिळाल्याशिवाय ती होत नाहीत, आणि दगड पडल्यावर लगेच उचलला गेला, म्हणजे हे पाणी राजस्थानातलं नव्हे.

याच्या उलट, अगदी कोरड्या जागेचा दगड?

१७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातेतल्या दियोदरला पडलेला. तो ऑब्राइट आहे: मुख्यतः एन्स्टॅटाइट, म्हणजे मॅग्नेशियमचं पायरॉक्झिन, आणि त्यात लोखंड जवळजवळ नाही. अशा दगडांच्या जन्मस्थानी ऑक्सिजनची इतकी टंचाई होती की कॅल्शियमलाही गंधकाशी संसार करावा लागला. त्या कॅल्शियम सल्फाइडचं नाव ओल्डहॅमाइट. उत्तर प्रदेशातल्या बस्तीला १८५२ साली पडलेल्या ऑब्राइटमध्ये ते प्रथम सापडलं, आणि मास्केलाइन यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांच्यावरून त्याला नाव दिलं. हे खनिज दमट हवेत टिकत नाही. कोकणात पडलं असतं तर एका पावसाळ्यात संपलं असतं.

बुधाच्या पृष्ठभागावरही लोखंड कमी आणि गंधक जास्त असल्याचं मेसेंजर यानाने दाखवलं, म्हणून ऑब्राइट बुधाचे असावेत असं काहीजण सुचवतात. सिद्ध झालेलं नाही.

सर्वांत जुनं खनिज कोणतं?

सूर्यमालेत घडलेल्यांत, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेले पांढरट ठिपके: ४५६ कोटी ७० लाख वर्षं. मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या आयेंदे अशनीत ते उघड्या डोळ्यांना दिसतात. सूर्यमालेचा वाढदिवस आपण त्यांच्यावरून मोजतो. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसनमध्ये तर सूर्याच्याही आधीचे, मरणपंथाला लागलेल्या ताऱ्यांभोवती घडलेले सिलिकॉन कार्बाइडचे कण आहेत. त्यांतले काही ७०० कोटी वर्षांपर्यंतचे असल्याचं २०२० मध्ये मांडलं गेलं.

हे सगळं बघतात कसं?

दगडाची पातळ चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. मग तिच्यातून ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश सोडला की ऑलिव्हिन निळं-गुलाबी उजळतं, आणि मास्केलिनाइट मात्र काळंच राहतं, कारण ते काच आहे. रासायनिक घडणीसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत टाकून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र; खनिजाची ओळख पटवायला रामन वर्णपट, म्हणजे लेसरचा प्रकाश विखुरताना त्यात होणारे बदल. हो, आपल्या सी. व्ही. रामन यांचाच, ब्रिजमनाइटसारखी आणि ऑलिव्हिनसारखी खनिजं त्यात वेगवेगळी सही करतात.

आता यानं नमुने आणतात, मग अशनी कशाला?

इटोकावा लघुग्रहावरून हायाबुसा यानाने २०१० मध्ये धुळीचे सुमारे दीड हजार कण आणले, आणि ते एलएल कॉन्ड्राइटशी तंतोतंत जुळले. अशनींवरून केलेले अंदाज बरोबर होते याची ती पावती होती. २०२३ मध्ये बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम आलं. त्यात खारट पाणी आटून उरलेली क्षारखनिजं मिळाली, जी अशनींत पृथ्वीच्या दमट हवेने विरघळून जातात. म्हणजे यानं हवीतच. पण यान एका ठिकाणी जातं आणि अब्जावधी रुपये घेतं, अशनी फुकट येतात आणि शेकडो ठिकाणांहून येतात.

माझ्याकडे एक काळा, जड दगड आहे. अशनी असेल का?

बहुधा नसेल. आपल्याकडे येणारे दगड निघतात ते भट्टीतला स्लॅग (धातू गाळून उरलेली मळी), हेमॅटाइट हे लोहखनिज किंवा घासून गुळगुळीत झालेला बेसाल्ट. दगडात पुष्कळ भोकं असतील तर तो नक्कीच लाव्हा नाहीतर स्लॅग. ताज्या अशनीवर मिलिमीटरभर जाडीचं काळं कवच असतं आणि तुटल्या जागी आत फिकट रंग दिसतो. लोहचुंबक बहुतेकांना ओढलं जातं, पण ते हेमॅटाइटच्या काही नमुन्यांना आणि स्लॅगलाही ओढलं जातं.

पडताना पाहिला असेल तर गोष्ट वेगळी. धुऊ नका, तेल-कुंकू लावू नका, आत काय आहे बघायला फोडू नका. कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवा. भारतात पडलेल्या अशनींचं जतन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे असतं, नागपुरात त्यांचं विभागीय कार्यालय आहे. तहसील कार्यालयाला कळवलंत तरी निरोप पोचतो.

अशनीतलं रत्न अंगठीत घालता येतं का?

पॅलासाइट नावाच्या अशनींत धातूच्या जाळीत हिरवट-पिवळं ऑलिव्हिन अडकलेलं असतं. त्यातला स्वच्छ तुकडा म्हणजे पेरिडॉटच, त्याला पैलू पाडतात. मिळतात ते बारीक, आणि नकली माल भरपूर. अंगठी घातल्याने कुठला ग्रह शांत होतो ते मात्र खनिजशास्त्रात शिकवत नाहीत.